राणी नको, अंडं शोधा

जालना जिल्हा. फेब्रुवारी सरत आलाय. कांदा बियाण्याच्या रानात पांढरे गोंडे गच्च फुललेत, आणि बांधावर बाभळीच्या सावलीला मेलिफेरा मधमाश्यांच्या पेट्या मांडल्यात. सकाळचे ९ वाजलेत. पेटी उघडायची ती याच वेळेला, उन्हाचा चटका बसायच्या आत.

पेट्या सांभाळणाऱ्या ताई आधी दाराकडे बघतात. माश्या पायांना परागाचे गोळे लावून येतायत, म्हणजे आत पिल्लं असावीत. मग त्या पेटीच्या मागे जातात, माश्यांची वाट अडू नये म्हणून. धुराड्यात गोणपाट धुमसतंय. दोन हलक्या फुंकरी पुरतात.

पहिली चौकट (पोळं धरणारी लाकडी फ्रेम) कडेची. ती निघाली की बाकीच्यांना सरकायला जागा होते, आणि मधली राणी चिरडत नाही.

आता जरा जवळून बघा. ऊन खांद्यावरून पोळ्यात पडू द्यायचं. पोळ्याच्या एकेका षटकोनी घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरं अंडं उभं आहे. पहिल्या दिवशी ते उभं असतं, मग कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं आणि त्यातून अळी निघते. उभं अंडं दिसलं, म्हणजे कालपरवाच राणी इथून गेली. राणी शोधत बसायची गरजच नाही. नवखी माणसं तिच्याच मागे लागतात, पेटी तासभर उघडी राहते आणि पिल्लांचे हाल होतात.

अळी मोत्यासारखी पांढरी हवी. घरांची झाकणं खचलेली, भोकं पडलेली दिसली किंवा कुजका वास आला, तर ती पेटी वेगळी ठेवायची आणि तिची अवजारं दुसऱ्या पेटीत घालायची नाहीत. नर माश्यांचे कोष उघडून आत तांबूस वरोआ माइट, म्हणजे माश्यांच्या अंगावर जगणारी बारीक कीड, आहे का तेही बघायचं.

चौकटीच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखं लोंबतं घर दिसतंय? ते नव्या राणीचं. अंडं घातल्यापासून आठव्या-नवव्या दिवशी त्याचं तोंड बंद होतं, आणि त्याच सुमारास जुनी राणी निम्म्याअर्ध्या माश्या घेऊन उडून जाते. म्हणून फुलोऱ्यात दर ७ दिवसांनी पेटी बघायची. महिन्याने बघणाऱ्याच्या हाती अर्धी पेटीच लागते.

एप्रिल-मे महिन्यांत मात्र उगाच उघडझाक नको. पारा ४० च्या वर गेला की मेण मऊ पडतं, भरलेलं पोळं तुटून खाली येतं. तेव्हा सावली, जवळ पाणी, आणि आतला मध संपत आला तर संध्याकाळी साखरेचा पाक. दिवसा पाक ठेवला की दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात.

शेवटच्या पेटीच्या दाराशी मेलेल्या माश्यांचा सडा पडलाय. कितीतरी माश्यांची जीभ बाहेर आलेली. ही विषबाधेची खूण. ताई काही क्षण तिथेच बसून राहतात. मग झाकणावर खडूने तारीख टाकतात आणि शेजारच्या रानाकडे निघतात.

"दादा, औषध मारायचंच असलं तर दिवस मावळल्यावर मारा. तोवर माझ्या माश्या घरी आलेल्या असतात."