कुलपात राहिलेला हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी लहानपणापासून ऐकले आहे. मात्र यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्रिपदाची सूत्रे घेतात न घेतात तोच, २१ नोव्हेंबर १९६२ रोजी, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. सह्याद्री पोहोचला तेव्हा लढाई आटोपली होती; उरला होता तो जाब विचारण्याचा प्रश्न, आणि आज मला त्याविषयीच बोलायचे आहे.

नामकाचू हा ईशान्य सीमेवरचा एक डोंगरी ओढा. त्याच्या पलीकडे, उंचावर, थागलाच्या धारेवर चिनी सैन्य होते आणि खाली काठावर ब्रिगेडियर जॉन दळवी यांची सातवी ब्रिगेड. अंगात सुती गणवेश, हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली, गोळ्या माणशी पन्नासच्या आसपास. जवळच्या त्सांगधर या ठिकाणी विमानातून टाकलेल्या रसदीचा बराचसा भाग दऱ्यांत पडून वाया जाई. ही अवस्था जागेवरचे अधिकारी वर कळवत होते. तरीही १२ ऑक्टोबरला पंतप्रधान नेहरूंनी, श्रीलंकेला निघताना, आपला प्रदेश मोकळा करण्याचे आदेश सैन्याला दिले असल्याचे पत्रकारांना सांगितले. २० तारखेच्या पहाटे चिनी हल्ला झाला आणि ब्रिगेड काही तासांत मोडली. दळवी पुढे युद्धकैदी झाले. ज्यांच्या हाती या आघाडीची धुरा होती ते लेफ्टनंट जनरल कौल आजारपणामुळे त्या वेळी दिल्लीत अंथरुणाला खिळलेले होते. सरकारी आकड्यांनुसार या युद्धात १,३८३ जवान मृत्युमुखी पडले आणि १,६९६ बेपत्ता झाले.

संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले, लष्करप्रमुख थापर यांनी राजीनामा दिला. थापर यांची पुढे अफगाणिस्तानात राजदूत म्हणून नेमणूक झाली, हे जाता जाता सांगितलेले बरे. पराभवाच्या चौकशीचे काम लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांच्याकडे आले, पण तिचे कुंपण आधीच आखलेले होते. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकुमांची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता, सेनाधिकाऱ्यांचा हाताखालच्या जवानांवरचा प्रभाव एवढेच तपासायचे. लष्करी मुख्यालयाचा कारभार आणि राजकीय निर्णय कुंपणाबाहेर. ओढ्याकाठच्या शिपायाची तंदुरुस्ती तपासायची आणि त्याला तिथे उभे करणाऱ्याला प्रश्न विचारायचा नाही, याला चौकशी म्हणणे मला तरी जड जाते.

२ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत निवेदन करताना चव्हाणांनी निष्कर्षांचा गोषवारा दिला, मात्र सुरक्षितता आणि सैन्याचे मनोधैर्य ही कारणे देऊन मूळ अहवाल सभागृहापुढे ठेवला नाही. यशवंतरावांविषयी महाराष्ट्राला आदर आहे, मलाही आहे. पण कपाटाला कुलूप त्यांच्याच काळात लागले, हे नाकारता येत नाही. संतापलेल्या देशात कोलमडलेले सैन्य उभे करण्याचे ओझे त्यांच्यावर होते, म्हणून त्या वर्षापुरता तो निर्णय समजू शकतो. पुढच्या दशकांचे काय? कारगिलनंतर त्या युद्धाचा आढावा घेणाऱ्या के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेला. त्याने सीमा असुरक्षित झाली नाही. तरीही २०१० साली संरक्षणमंत्री अँटनी यांनी १९६२ चा अहवाल आजही संवेदनशील असल्याचे संसदेला सांगितले. मार्च २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला, तेव्हा विरोधी पक्षात असलेले अरुण जेटली तो खुला व्हावा म्हणून आग्रह धरत होते. जुलैमध्ये तेच जेटली संरक्षणमंत्री म्हणून राज्यसभेत उत्तर देत होते: अहवाल जाहीर करणे राष्ट्रहिताचे नाही.