दुखतेय ती दाढ नव्हे

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी साठीच्या एक काकू माझ्याकडे आल्या. पदर उजव्या गालापुढे आडोशासारखा धरलेला, पण गालाला लागू न देता. पंखा बंद करा, अशी हातानंच खूण केली. बोलत होता तो मुलगा, कारण ओठ हलले की कळ येत होती. तीन आठवडे त्या बाजूला पाणी लावलं नव्हतं. आणि तिकडच्या दोन दाढा काढून झाल्या होत्या. कीड एकीलाही नव्हती.

या दुखण्याचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी पाचवी नस मेंदूला जिथे मिळते, तिथे बहुतेक वेळा एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते. ती ठोक्यागणिक नसेवर आपटते आणि नसेचं आवरण झिजतं. मग वाऱ्याची झुळूक, एक घास, दातावरून फिरलेला ब्रश, एवढं निमित्त पुरतं. करंट बसावा तशी कळ येते, काही सेकंद, फार तर दोन मिनिटं. पण दिवसातून कितीदा तरी. कळ जबड्यात जाते म्हणून माणूस आधी दातांच्या डॉक्टरांकडे जातो. दाढ निरोगी दिसत असेल तर ती काढण्याआधी एवढं विचारा, "हे नसेचं तर नाही ना?"

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. पहिलं औषध कार्बामाझेपिन. 1960 च्या दशकापासून ते या दुखण्यावर दिलं जातंय. मुळात ही फिटची गोळी. दुकानदारानं तसं म्हटलं की घरचे घाबरतात आणि ती परस्पर बंद करतात. काकूंच्या घरीही हेच झालं होतं. कृपा करून असं करू नका. सुरुवात थोड्या मात्रेनं, बहुधा 100 मिलिग्रॅमनं होते, मग हळूहळू वाढवतात. गुंगी येते, तोल जातो, रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. अंगावर पुरळ उठलं, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. एमआरआयही हवाच, कारण क्वचित मुळाशी गाठ किंवा दुसरा आजार निघतो.

काकूंना दीड वर्ष गोळीनं बरं होतं. पुढे मात्रा वाढत गेली आणि त्या चालताना भिंत धरू लागल्या. तेव्हा ऑपरेशनचा विषय निघाला. पीटर जॅनेटा या अमेरिकन सर्जननी 1960 च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली रूढ केलेली ही शस्त्रक्रिया. कानामागे हाडाला छोटं छिद्र पाडून रक्तवाहिनी नसेपासून अलगद दूर करतात आणि मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. दहा वर्षांनंतरही साधारण 70 टक्के रुग्ण वेदनामुक्त राहतात. धोके आहेत: त्या कानाला कमी ऐकू येणं, गाल बधिर होणं, क्वचित याहून गंभीर. भूल झेपणार नसेल तर गालातून सुई घालून नस शेकतात किंवा फुग्यानं दाबतात. गॅमा नाइफचे किरणही आहेत, पण गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात. या उपायांत गाल थोडा बधिर होऊ शकतो आणि दुखणं परत येण्याची शक्यता जास्त. तरी, प्रकृती धडधाकट असेल तर गोळ्यांच्या गुंगीत वर्षानुवर्षं काढण्यापेक्षा ऑपरेशनचा विचार लवकर करावा, असं माझं मत आहे.

काकू टाके काढायला आल्या तेव्हा स्वतः बोलत होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, आता त्या गोळ्या टाकून देऊ?" म्हटलं, "नाही काकू, एकदम नाही. काही आठवडे घेत, उतरत्या मात्रेनं बंद करू."