शके 1832 चं एक पत्र

अध्यक्ष महाराज, आणि चवथ चार दिवसांवर आलेली असताना माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान टाकून इथं बसलेल्या मंडळी! पत्रिकेत विषय छापलाय ‘जुनी पत्रं कशी वाचावीत’. त्याकडे येतोच. आधी आमच्या घरचं पत्र. ते सांगितल्याशिवाय मला पुढं बोलता येत नाही.

सावईवेऱ्याच्या, म्हणजे आमच्या गावच्या, घराचे नळे (कौलं) परतताना माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. वर पंचांगं, मध्ये हे पत्र, तळाला कीर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या, वह्या. हा क्रम चुलतभावाच्या आठवणीतला. मी पत्र दिसताच ओढून घेतलं आणि बाकीचं परत कोंबलं. पुढं त्याच भावानं ते माझ्या पाठीमागं पुठ्ठ्यावर चिकटवून लॅमिनेट करून आणलं. म्हणाला, ‘आतां शंबर वर्सां तिगतलें!’ अरे, शंभर वर्षं ते तुझ्याविनाच टिकलं होतं! पत्ता मागच्या बाजूला होता. तो आता पुठ्ठा वाचतोय. (हशा) हसू नका, मला अजून राग येतो.

पत्र मोडीत. मोडी मला येते असं मी दोन वर्षं सांगत होतो, मग जाणकाराकडून वाचून घेतलं. ‘शिगम्यास येणे झाले नाही. राजा गेला. पुढील खर्चाचा विचार करून लिहावे.’ मुक्काम पणजी, फाल्गुन वद्य 5, शके 1832.

शकात 78 मिळवा, शाळेत शिकवलेलं. आले 1910. पण तेव्हा पोर्तुगालच्या गादीवर दुसरा मानुएल बसलेला! मग कुठला राजा गेला? थोरल्या काकी म्हणाल्या, ‘राजा म्हणजे आमचो बैल रे!’ सासूकडून ऐकलेलं. मी मनावर घेतलं नाही. इतिहास मोठा असावा अशी आपली इच्छा असते.

मग एका रात्री लख्ख उजेड पडला. फाल्गुन! शक बदलतो पाडव्याला, इंग्रजी साल जानेवारीत. फाल्गुनाला 79 मिळवायचे. मार्च 1911! आणि 5 ऑक्टोबर 1910 ला लिस्बनमध्ये प्रजासत्ताक झालं, मानुएल पळाला. गोव्यातल्या हिंदूंना कायद्यानं बरोबरी मिळाली, सरकारी नोकरीची दारं उघडली. म्हणजे आमचा पूर्वज पणजीत पोर्तुगीज शिकायला खर्च मागतोय! पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात (तेही 1832 चंच, पण इसवी सन, शके नव्हे) महिनाभर बसलो. तीन भाषणं केली. एकदा शाल मिळाली.

काकी ढिम्म. मी म्हटलं, ‘काकी, घरचा बैल मेला हे पणजीहून घरी कोण कळवील?’ तर म्हणतात, ‘गाडयेक जुंपून तोच व्हेल्लो न्हय पणजे!’ म्हणजे गाडीला जुंपून तोच नेला होता ना पणजीला!

ही चिठ्ठी आली. ‘दोन मिनिटं.’ बघा, तारीख नाही, सही नाही. उद्या कुणाला सापडली तर कोण कशाला दोन मिनिटं मागत होता, लागेल शोध?

असो, मुख्य विषय. कागद उजेडासमोर धरा, पाणचिन्ह दिसतं का पाहा. पौष ते फाल्गुन असेल तर साल दोनदा तपासा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ धरत नाहीत, तेव्हा नावं सांभाळून. लॅमिनेशन नको, नको, नको. पणजीच्या पुराभिलेख खात्यात जा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी आलो: पत्र एकटं वाचू नका. त्याच्या खाली-वर काय होतं ते आधी लिहून ठेवा. ऑक्टोबरात पळालेल्या राजाची बातमी मार्चमध्ये कोण कळवतो? हे मला सुचलंच नव्हतं.

गेल्या दिवाळीत पेटी पुन्हा उघडली. तळाची कीर्द. शके 1833, चैत्र शुद्ध. पत्राला महिनाही झाला नव्हता. खरेदी, बैल 1.

काकींना वही नेऊन दाखवली. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.