ग्रॅव्हल की हार्डटेल: गोव्याच्या वाटांवर वेगाचा हिशेब

मंडळी, ग्रॅव्हल सायकल वेगवान की हार्डटेल, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, जायचंय कुठं? ग्रॅव्हल म्हणजे रस्त्याच्या सायकलसारखी, पण खडीवरही चालणारी, जरा रुंद टायरांची सायकल. हार्डटेल म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक. डिचोलीहून सांखळी, केरी करत चोर्ला घाट चढायचा असेल तर ग्रॅव्हल. सत्तरीतल्या काजूच्या बागांतून, मुळं आणि जांभ्याच्या पायऱ्या असलेल्या पायवाटेनं उतरायचं असेल तर हार्डटेल. घोळ होतो तो फेरीत दोन्ही असतं तेव्हा, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा दोन्ही असतंच.

आधी हवा. सपाट रस्त्यावर ताशी 25 किलोमीटरच्या वर गेलात की ताकदीचा मोठा वाटा हवा कापण्यात जातो, आणि हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. 25 वरून 30 वर जायला हवेसाठीच सुमारे 73 टक्के जास्त ताकद लागते. हार्डटेलचा हँडलबार साधारण 720 ते 780 मिलिमीटर रुंद, म्हणजे हात फाकलेले आणि छाती वाऱ्याला उघडी. ग्रॅव्हलचा ड्रॉप बार, म्हणजे खाली वळलेला हँडलबार, 420 ते 460, शिवाय खाली वाकून धरता येतो. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीच्या, मोकळ्या बांधावर समोरून खारा वारा आला की हा फरक पायांना लगेच कळतो.

वजनाचं मात्र उगाच कौतुक होतं. स्वार, पाणी आणि सायकल मिळून 85 किलो धरा. सायकल 2 किलोनं हलकी झाली तर फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा, म्हणजे तासाभराच्या खड्या चढाला दीडेक मिनिट. पोटावरचे 2 किलो गेले तरी घाटात तेवढंच मिळतं, आणि फुकट!

गिअरचं गणित सोपं आहे. हार्डटेलला पुढे 32 दात आणि मागे सगळ्यात लहान चक्र 10 दातांचं असेल, तर मिनिटाला 90 फेऱ्या मारून सुमारे 40 चा वेग येतो. ग्रॅव्हलला 46 आणि 11 असेल तर 50 च्या आसपास. सपाटीवर एकट्यानं 40 धरून ठेवणारे आपल्यात किती? मोठा गिअर उपयोगी पडतो तो उतारावर आणि घोळक्यात.

आता टायर. रुंद टायर म्हणजे मंद टायर, हा समज सोडा. मंद करतात त्या टायरवरच्या उंच, मऊ गुठळ्या आणि टायरची जाड बाजू. डांबरावर प्रत्येक गुठळी वाकते, सरळ होते आणि तुमची ताकद खाते. खडीवर उलट होतं. टायर अरुंद आणि कडक असेल तर सायकल आणि अंग दोन्ही उडतात, आणि पुढे जायची ताकद हादऱ्यांत वाया जाते. 75 किलोच्या स्वारानं 40 मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) च्या आसपास सुरुवात करावी, 2.25 इंचीत 22 च्या आसपास. पुढच्या चाकात दोन कमी. जांभ्याची कड धारदार असते. ग्रॅव्हलमध्ये हवा फार उतरवली की ती कड थेट रिमवर बसते, रिमला पोचा पडतो आणि सीलंट, म्हणजे भोकं बुजवायला टायरमध्ये घातलेला द्रव, फसफसत बाहेर येतं. आपल्या उष्म्यात सीलंट लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी उघडून बघा.

आता मिश्र फेरीचा हिशेब. समजा 40 किलोमीटर डांबर आहे. ग्रॅव्हल 28 नं गेली, हार्डटेल 25 नं. ग्रॅव्हल दहा मिनिटं पुढे. मग 5 किलोमीटर खडबडीत रानवाट लागली. तिथं ग्रॅव्हलवाला सतत ब्रेक दाबत, दगड चुकवत 10 नं जातो. हार्डटेलवाला 100 मिलिमीटर दबणाऱ्या पुढच्या सस्पेन्शन फोर्कवर भरवसा टाकून 15 नं. दहाही मिनिटं परत! चाळीस किलोमीटरची कमाई पाचात गेली. म्हणून फेरीचं एकूण अंतर सांगू नका, वाईट भाग किती तेवढं सांगा. नुसता मुरूम किंवा दाबलेली लाल माती असेल तर तो वाईट भागात धरू नका, तिथं ग्रॅव्हलच पुढे राहते.

हार्डटेल घरात आहेच, तर लगेच नवी घेऊ नका. पन्नासेक मिलिमीटरचे, मध्ये गुळगुळीत आणि कडेला बारीक गुठळ्यांचे टायर बसवा. डांबरी चढाला फोर्क लॉक करा, नाहीतर उभं राहून पेडल मारताना तो डुलत राहतो. ग्रिपच्या आतल्या बाजूला छोटे बार-एंड, म्हणजे धरायला पुढे आलेले दांडे, लावले की हात जवळ येतात. पण हार्डटेलला ड्रॉप बार लावायच्या फंदात पडू नका. तिची फ्रेम आखूड स्टेम (हँडलबार धरणारा जोड) आणि सरळ बारसाठी लांब केलेली असते. ड्रॉप बार लावला की हात फार पुढे जातात, पाठ दुखते. वर जुने शिफ्टर आणि ब्रेकचे लिव्हर त्यावर बसत नाहीत, सगळं नवं घ्यावं लागतं. त्या पैशांत जुनी ग्रॅव्हल येईल.

पावसाळ्यात दोन्हींचा वेग लाल चिखल ठरवतो. टायर आणि फ्रेममध्ये जागा कमी असली की चिखल अडकून चाक घासतं, आणि ही अडचण ग्रॅव्हलला आधी येते. रेझिनचे ब्रेक पॅड या चिखलात भराभर झिजतात. जून लागायच्या आत सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाबून केलेले, पॅड घाला, ब्रेकच्या डिस्कला ते चालतात ना एवढं आधी बघून.