मोटार चालू, शेवटची नळी कोरडी

मंडळी, राम राम. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी केळीला नाहीतर कापसाला ठिबक आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. विहिरीवर मोटार धडधडतेय म्हणजे शेवटच्या ड्रिपरला पाणी पोचलं, असं आपण कधी धरून चालत नाही. नळीच्या कडेने चालत जातो, हात लावून बघतो. वर्कशॉपमध्ये गॅसवर वेल्डिंग करताना मात्र सिलिंडरवरच्या फ्लो मीटरमधली गोळी वर दिसली की गॅस पोचला म्हणून मोकळे होतो. वेल्डवरची स्लॅग, म्हणजे थिजलेली खपली, झाडली आणि खाली भोकं निघाली की म्हणतो, ‘गॅस ते चालू शे ना भाऊ!’

भोक पडतं कसं? हवेत 78 टक्के नायट्रोजन. वितळलेलं लोखंड तो पिऊन घेतं आणि थिजताना बाहेर टाकतं. बाहेर पडायला वेळ मिळाला नाही की बुडबुडा तिथेच अडकतो. ओल, तेल, रंग यांतून येणारा हायड्रोजनही हेच करतो. फ्लक्स कोअर वायर म्हणजे आत फ्लक्सची पूड भरलेली पोकळ वायर. त्यातली बिनगॅसची वेगळी असते, ती स्वतःचं रक्षण स्वतः करते. आपली गॅसवाली वायर तशी नाही. तिच्यातला फ्लक्स स्लॅग देतो, धातू सुधारतो. पण हवा अडवण्याचं मुख्य काम सीओटूचं (कार्बन डायऑक्साइड) किंवा आर्गॉन-सीओटू मिश्रणाचं.

मी सुपरवायझर असताना मे महिन्यात ट्रॉलीच्या चेसिसचं काम चाललं होतं. तीन दिवस भोकं. सिलिंडर बदलला, वायरचा नवा स्पूल (रीळ) लावला, पुरवठादाराला शिव्या घातल्या. पोराने फ्लो 15 लिटरवरून 30 वर नेला, तर भोकं वाढली. मला तेव्हा ते उलटंच वाटलं. खरं तर नोझलमधून गॅस फार जोरात सुटला की तो घुसळतो आणि आजूबाजूची हवा स्वतःच आत ओढतो. 1.2 मिलिमीटर वायरला, नेहमीच्या नोझलला, मिनिटाला 15 ते 20 लिटर पुरतात. गुन्हेगार चौथ्या दिवशी सापडला. सकाळी लाइट गेले, जनरेटरवर फक्त मशीन चाललं आणि एकही भोक नाही! बंद काय होतं? दारातला मोठा कूलर. बेचाळीस अंशांत पोरांना गारवा हवा म्हणून तो मीच लावून घेतला होता.

ताशी आठेक किलोमीटरचा वारा गॅसचं पांघरूण उडवायला पुरतो. कडुलिंबाची पानं सळसळायला लागली की समजा तेवढा झाला. साक्रीकडे पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. उघड्यावर काम असेल तर ताडपत्रीचा आडोसा करा. आणि कूलर माणसाच्या पाठीवर ठेवा, जॉबवर नको.

वारा नसेल तर नळीने चाला. तेही उलट्या दिशेने, नोझलकडून सिलिंडरकडे. आधी नोझल काढून बघा, आत शिंतोड्यांचा थर आहे का. नोझलच्या आत गॅस पसरवणाऱ्या डिफ्युजरची भोकं बुजली असतील तर गॅस एकाच बाजूने येतो. मग वायर पुढे ढकलणाऱ्या फीडरचे रोलर सैल करा म्हणजे वायर पुढे येणार नाही, नोझलवर हातातला छोटा फ्लो मीटर धरा आणि ट्रिगर दाबा. मी एकदा सिलिंडरकडे 18 वाचले आणि नोझलवर 9. उरलेला अर्धा गॅस गन जिथे फीडरमध्ये बसते तिथल्या ओ-रिंगमधून जात होता. दहा-वीस रुपयांची रिंग, पण तिच्यापायी अख्खा सिलिंडर हवेत. नळीच्या जोडांना साबणाचं पाणी लावा; फीडरपासून पुढच्या जोडांना ट्रिगर दाबलेला असतानाच, नाहीतर तिथे फुगे येणार नाहीत.

सिलिंडरच्या दाबाच्या काट्यावर फार विसंबू नका. थंडीत आत सीओटू द्रवरूप असतो. द्रव आहे तोवर काटा जागचा हलत नाही, संपला की धाडकन खाली येतो. 31 अंशांच्या वर द्रव राहतच नाही, म्हणून आपल्याकडे मे महिन्यात तोच काटा वेगळं बोलतो. सिलिंडर वजनावरच ओळखायचा, आणि उन्हात ठेवायचा नाही. जानेवारीत धुळ्याची थंडी आणि सलग काम असेल तर रेग्युलेटर गोठतो, फ्लो हळूहळू मरतो. रेग्युलेटर गरम ठेवणाऱ्या हीटरची वायर तुटलेली असते आणि ती कुणी बघत नाही.

मघाशी एका दादांनी विचारलं, भोकं नाहीत पण रनवर, म्हणजे वेल्डच्या रेघेवर, अळी चालल्यासारखे चर उठतात, ते काय? ती बहुतेक वेळा वायरमधली ओल. ही वायर म्हणजे पट्टी वळवून केलेली नळी, तिच्या जोडातून दमटपणा आत शिरतो. श्रावणात स्पूल रात्रभर फीडरवर उघडा ठेवला की सकाळी अळ्या. काम संपलं की पिशवीत घाला. दुसरं, साधी मिग, म्हणजे भरीव वायरचं वेल्डिंग, करणारा माणूस सवयीने टिप जॉबच्या फार जवळ धरतो. इथे 20 मिलिमीटरच्या आसपास अंतर हवं, म्हणजे वायर कमानीत (आर्कमध्ये) शिरण्याआधी तापते आणि ओल उडते. अळ्या तरी राहिल्या तर व्होल्टेज एक-दीडने उतरवून बघा. अंतर फार वाढवलंत तर मात्र गॅस पोचायच्या आत हवा घुसेल.

गंज, प्रायमर, तेल यांवर मी वेळ घालवत नाही. ग्राइंडर तुमच्या हातात आहे. एवढंच सांगतो की भोकावरून दुसरा रन मारू नका. ते झाकत नाही, वर येतं. खरवडून निखळ धातूपर्यंत जा.

बरं, मागे कुणीतरी स्वतःची गन आणली आहे म्हणालात ना? आणा इकडे, तिची ओ-रिंग बघू.