इमारत गेली, कनेक्शन राहिलं

(ग्राहक दिनानिमित्त ज्येष्ठ नागरिक संघात दिलेलं व्याख्यान, थोडं काटछाट करून)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'डिजिटल सेवा आणि ग्राहकांचे हक्क', तो मी दिलेला नाही. मी दिला होता 'घरचं इंटरनेट तोडून दाखवा', पण चिटणीस म्हणाले ग्राहक दिनाला जरा भारदस्त पाहिजे. असो. आज २४ डिसेंबर, १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही याच तारखेला झाली, आणि त्याच्याही आधी १९७४ ला बिंदुमाधव जोशींनी आपल्या पुण्यातच ग्राहक पंचायत काढली, म्हणजे भांडायची परंपरा आपल्याकडे कायद्यापेक्षा जुनी आहे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मला मुद्दा एकच मांडायचाय. कनेक्शन किती दिवसांत बंद व्हावं याचा नियम आहे, पण ते दिवस कधीपासून मोजायचे हे कंपनी ठरवते. एवढंच. ते सविस्तर शेवटी सांगतो, आधी किस्सा ऐका, कारण त्याशिवाय मुद्दा पटणार नाही.

आमची सोसायटी कोथरूडची, तीन मजली, लिफ्ट नाही, ती रिडेव्हलपमेंटला गेली. इथे बसलेल्या निम्म्या लोकांची गेलीय नाहीतर जायचीय. बिल्डरबद्दल मी आज काही बोलणार नाही, त्याला अख्खी व्याख्यानमाला लागेल. तर आम्ही भाड्याच्या जागेत आलो, तिथे इंटरनेट आधीपासून होतं, म्हणून म्हटलं जुनं बंद करून टाकू. कंपनीचं नाव घेत नाही, घेतलं की तुम्ही म्हणणार आमची तशी नाही हो, आणि ती तशीच असते.

फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, दाबलं, पुढे हिंदीच. नवीन कनेक्शनसाठी एक, बिलासाठी दोन, स्पीडसाठी तीन, प्लॅन वाढवायला चार. बंद करायला काय दाबायचं ते शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. बिलाचं दाबलं तर पेटीवादन सुरू, आमच्या हिने तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या काढून वरण फोडणीला टाकलं. शेवटी नवीन कनेक्शनचं बटण दाबलं, तर पहिल्याच रिंगला उचलला! जाणाऱ्याला रांग आणि येणाऱ्याला पायघड्या.

मुलगी बोलायला गोड होती. म्हणाली, सर स्पीडचा काही इश्यू आहे का? मी म्हटलं स्पीड उत्तम आहे, इमारत पाडतायत. म्हणाली, सर याच पैशात मी तुम्हाला डबल स्पीड करून देते. अगं पण लावू कुठे? मग म्हणाली शिफ्टिंग करू या, नवीन पत्ता सांगा. सांगितला. दोन मिनिटं शांतता. सर, या पत्त्यावर फीजिबिलिटी नाही, म्हणजे तिथे त्यांची वायर पोहोचत नाही. म्हटलं झालं तर मग, बंद करा. तर म्हणे सर सेफ कस्टडीत ठेवू का, तीन महिन्यांनी परत चालू करता येईल. अहो, तीन महिन्यांत पुण्यात बिल्डर फक्त पत्रे लावतो!

शेवटी म्हणाली, ठीक आहे सर, तुमची रिक्वेस्ट मी नोट केली. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस, नंबर मागितला. मेसेज येईल म्हणाली. मेसेज आला, 'आमच्याशी बोलून तुम्हाला कसं वाटलं, पाचपैकी तारे द्या.' नंबर नाही. आणि पुढच्या महिन्यात बिल.

मग तक्रार केली. आता इथून पुढचं नीट ऐका. त्यांच्या ॲपमध्ये 'बंद केलेलं बंद झालं नाही' अशी तक्रारच बसत नाही, म्हणून तिथल्या कुणीतरी ती 'नेट चालत नाही' या खात्यात टाकली. एका अर्थी खरंच होतं ते. मग नियमाप्रमाणे लाइनवाला पोरगा दुरुस्तीला निघाला, जुन्या पत्त्यावर. मला फोन, "काका, तुमची बिल्डिंग सापडत नाहीये." म्हटलं बाळा कुठे उभा आहेस? म्हणाला पत्र्यांपाशी, आत जेसीबी चालू आहे. म्हटलं मग बरोबर आलास, तो समोर राडारोडा दिसतोय ना, त्यातला दुसरा मजला आमचा. पोरगं बिचारं हसायला लागलं. मग म्हणाला, काका, ॲपमध्ये 'बिल्डिंग नाही' असं ऑप्शन नाहीये, 'डोअर लॉक' टाकू का? संध्याकाळी मला मेसेज, ग्राहकाचं दार बंद असल्यामुळे तक्रार निकाली काढण्यात आली आहे. (हशा) हसा, पण त्या महिन्याचंही बिल आलं.

त्या पोरावर माझा राग नाही हं. फोनवरच्या मुलीवरही नाही. तिला किती माणसं थोपवली यावर पगार आणि बोलणी असतात, तिच्यासमोरच्या स्क्रीनवर एकामागून एक ऑफर येत राहतात आणि त्या संपल्याशिवाय तिला पुढे जाता येत नाही. हे काही आपल्याच देशात नाही, २०१४ मध्ये अमेरिकेत कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीच्या एका ग्राहकाने असा कॉल रेकॉर्ड करून नेटवर टाकला होता, माणूस आठेक मिनिटं एकच वाक्य बोलतोय की बंद करा, आणि पलीकडचा विचारतोय की का, आमच्यासारखी चांगली सेवा का सोडता. कंपनीला माफी मागावी लागली. माझ्या मुलाने मला तो ऐकवला, म्हणाला बाबा, तुम्ही एकटे नाही आहात. फार बरं वाटलं.

हां, बॉक्स राहिलाच. तो पांढरा डबा कंपनीचा, परत दिला नाही तर डिपॉझिटमधून कापतात. न्यायला माणूस पाठवतो म्हणाले, पाठवला, कुठे? राडारोड्यापाशी! मग मीच पिशवीत घालून त्यांच्या दुकानवजा ऑफिसात गेलो. तिथला मुलगा म्हणाला ठेवा काका टेबलावर. म्हटलं पोच दे. म्हणाला सिस्टीममध्ये एंट्री होते. अरे, आम्ही बँकेत चेकबुकाचं एक कोरं पान परत घेतलं तरी पोच द्यायचो! डबा तसाच परत घरी आणला, अजून माळ्यावर आहे, हिच्या मते फेकावा, माझ्या मते तो पुरावा आहे.

मागून कुणीतरी म्हणतंय की प्रीपेड घ्या, रिचार्ज केला नाही की आपोआप बंद. बरोबर आहे, ज्यांना जमतंय त्यांनी घ्यावं. पण वर्षाचे पैसे आधी भरून चौथ्या महिन्यात घर बदलणाऱ्याने काय करायचं? आणि पोस्टपेडवाल्यांनी ऑटोपे बंद केलं म्हणजे कनेक्शन बंद झालं असं समजू नका. ऑटोपेचं मात्र एक चांगलंय, रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत, पैसे कापायच्या २४ तास आधी कळवावं लागतं आणि परवानगी आपण आपल्या बँकेच्या ॲपमधून काढून घेऊ शकतो, कुणाची विनवणी करावी लागत नाही. मी काढली. तर बिल थकबाकी झालं, आणि एका वकिलाचा मेसेज आला की लोकअदालतीत हजर राहा. आयुष्यभर मी थकबाकीदारांना नोटिसा पाठवल्या, आता...

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. तीही बहुतेक वड्यांसकट धरून. बरं, मुद्दा.

ट्रायचा, म्हणजे फोन-इंटरनेट कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचा, नियम आहे, ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या नियमांतही आहे, की सेवा बंद करायला सांगितल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत बंद व्हायला हवी. डिपॉझिट परत द्यायलाही मुदत आहे. कागदावर चोख. पण सात दिवस कधीपासून? विनंती नोंदली गेल्यापासून. आणि नोंदणार कोण? तीच मुलगी, तिचाच स्क्रीन. म्हणजे विनंती नोंदलीच नाही तर कंपनीने नियम मोडलाच नाही! रिपोर्टात शंभर टक्के वेळेत बंद. या सगळ्या गोड बोलण्याचा, सेफ कस्टडीचा, तारे द्या म्हणण्याचा अर्थ एवढाच की तुमचं घड्याळ सुरू होऊ द्यायचं नाही.

आता हे मोबाईलच्या बाबतीत सुटलंय की नाही? २० जानेवारी २०११ ला देशभर नंबर पोर्टिंग आलं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय. पोर्ट लिहून पुढे आपला नंबर टाकून १९०० ला एसएमएस करायचा, कोड येतो, की घड्याळ सुरू, आणि ते तुम्ही सुरू केलेलं असतं. आणि खरी गंमत, १६ डिसेंबर २०१९ पासून तो कोड जुनी कंपनी देतच नाही, पोर्टिंग सांभाळणारी तिसरी संस्था थकबाकी वगैरे तपासून देते. त्याच सर्कलमध्ये, म्हणजे टेलिकॉमच्या त्याच विभागात असाल तर कामकाजाच्या तीन दिवसांत पोर्ट. ज्याला सोडून जायचं त्याच्याच हातात दाराची किल्ली ठेवायची नाही, हे ट्रायला मोबाईलमध्ये कळलं. मग घरच्या इंटरनेटला का नाही? वायर एका घरातून दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट होत नाही, मान्य, पण बंद करायचा कोड द्यायला वायर कशाला लागते? एक एसएमएस, तिसऱ्याकडून कोड, त्या तारखेपासून बिल बंद, मग डबा न्या, डिपॉझिट द्या, सावकाश भांडा. हे माझं म्हणणं.

कुणी म्हणेल कायदे आहेत की. आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला स्क्रीनवर फसवायच्या युक्त्यांच्या, मार्गदर्शक सूचना काढल्या, तेरा प्रकार आहेत, त्यात सबस्क्रिप्शन ट्रॅप आहे, म्हणजे आत घ्यायचं पटकन आणि बाहेर पडायचं बटण लपवायचं. पण ती सगळी भाषा स्क्रीनची आहे, फोनवरच्या गोड बोलण्याला ती कशी लावणार? दुसरं, टेलिकॉमची तक्रार ग्राहक मंचात चालत नाही असा २००९ चा निकाल कंपन्या तोंडावर फेकायच्या, पण सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये चालते म्हणून सांगितलंय, कुणी अजून तेच ऐकवलं तर हे ऐकवा. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. कंपनीत अपील करता येतं, फुकट असतं, ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो, आमचं प्रकरण मिटलं ते तिथेच, बिलं मागे घेतली. पण अपिलाला तक्रारीचा नंबर लागतो, तो मिळेपर्यंत फोन ठेवू नका, आणि त्याच दिवशी ईमेल टाका, तारीख राहते.

झालं, झालं, उठू नका चिटणीस. दाराजवळच्या टेबलावर ट्रायला पाठवायच्या पत्राच्या प्रती आहेत, एका पानाचं आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, पटलं तर सही करा आणि सहीखाली तारीख घाला. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, फक्त राउटर कुठला घ्यावा ते विचारू नका, त्यातलं मला काही कळत नाही.