कालचं पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

आज मला तुमच्याशी सकाळच्या पहिल्या दोन तासांबद्दल बोलायचंय. नळाला पाणी येतं तिथपासून डबा पिशवीत टाकून आपण लोकल गाठायला निघतो तिथपर्यंतचे दोन तास. या वेळात कुणालाच श्वास घ्यायला सवड नसते. त्यामुळे हात सवयीनं चालतात, आणि बरंचसं पाणी, बराचसा कचरा त्या सवयीतूनच घराबाहेर पडतो.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. पहाटे पाणी यायचं, तासाभरात जायचं. पाणी आल्याबरोबर आईचं पहिलं काम म्हणजे कालचं पिंप रिकामं करणं. रात्र उलटली की पाणी शिळं. ते मोरीत ओतायचं, पिंप घासायचं, ताजं भरून ठेवायचं. कळशी, माठ, हंडा, सगळ्यांची तीच रीत. लग्न होऊन मी भांडुपला आले, आणि ती रीत माझ्याबरोबर आली. रोज वीस-पंचवीस लिटर चांगलं पाणी मी मोरीत ओतत होते, आणि त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही येत नव्हतं.

माझ्या नणंदेचं सासर ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात, खर्डीच्या पुढे आत. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात तिच्या पुतण्याच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. आदल्या दिवशी दुपारी टँकर आला. त्याचा पाइप विहिरीत सोडला, पाणी तळाशी पडलं आणि गढूळ झालं. काठावर बायका दोर-पोहरे घेऊन उभ्याच होत्या. हंड्याच्या तोंडावर दुहेरी फडकं बांधून त्या पाणी गाळून घेत होत्या. अंगाला हळद लागलेली नवरदेवाची बहीणसुद्धा त्या रांगेत होती. मी मदतीला पुढे झाले, तर नणंद म्हणाली, “वहिनी, तुम्ही राहू द्या, सांडेल.” टोचून बोलली नव्हती ती. खरोखरच तिला सांडण्याची काळजी होती.

आता नकाशा आठवा. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं याच शहापूर तालुक्यात. तानसाचं पाणी मुंबई १८९२ पासून पितेय. आज मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा भातसाचा. भातसाचं पाणी नदीतून पिसेपर्यंत येतं, तिथं पंपानं उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मग शहराकडे निघतं. म्हणजे त्या पाण्यामागे वीजही खर्च झालेली असते. आणि धरणाच्या अंगणातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो.

लग्नाहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. मी पिंपाला हात घातला, आणि तो तसाच राहिला.

पाणी शिळं होतं का? स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातलं पाणी एका रात्रीत बिघडत नाही. ते बिघडतं त्यात बुडालेल्या पेल्यानं आणि बोटांनी. म्हणून आता आमच्या पिंपावर झाकण असतं आणि शेजारी लांब दांड्याचं ओगराळं टांगलेलं असतं. उरलेल्या पाण्यात नवं पाणी भरते. मात्र एक गोष्ट कटाक्षानं पाळा. आठवड्यातून एकदा पिंप, ड्रम, सगळं पूर्ण रिकामं करून, आतून घासून कोरडं करायचंच. डेंग्यूचा डास अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यातून डास व्हायला साधारण आठवडा पुरतो. त्या दिवशी निघालेलं पाणी आम्ही बादलीत काढतो. लादी पुसायला, बाथरूम धुवायला ते चालतं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर आरओ यंत्राचं सांगते. ते एक लिटर पाणी देतं तेव्हा दोन-तीन लिटर नळीतून बाहेर टाकतं. खाऱ्या बोअरवेलचं पाणी असेल तिथं त्याचा उपयोग आहे. पण मुंबईच्या नळाला येतं ते धरणात साठलेलं पावसाचं पाणी, मुळातच कमी क्षारांचं. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तिथं आरओ वापरू नये, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये म्हटलं होतं. साधं गाळणारं यंत्र किंवा उकळलेलं पाणी आपल्याला पुरतं. घरात आरओ आहेच म्हणत असाल, तर त्या नळीखाली बादली ठेवा. सकाळची भांडी त्यात विसळून होतात.

आता दाराच्या कडीकडे येऊ. सहा वाजता दार उघडलं की कडीला दोन गोष्टी लटकलेल्या असतात, दुधाची पिशवी आणि फुलपुडी.

दुधाची पिशवी आपण कशी कापतो? कात्रीनं कोपरा उडवतो. तो नखाएवढा तुकडा ओट्यावर पडतो, पाण्याबरोबर सिंकमध्ये जातो, किंवा केरात. पिशवी चांगल्या पॉलिथिनची असते, भंगारवाला ती किलोवर घेतो. पण तो तुकडा कचरा वेचणारी बाई उचलूच शकत नाही, इतका तो लहान. मग तो गटारातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जातो. म्हणून कात्री कोपऱ्याच्या आरपार न्यायची नाही. अर्धा सेंटिमीटर आधी थांबवायची, म्हणजे टोक पिशवीलाच चिकटून राहतं. पिशवी थोड्या पाण्यानं खळखळून घ्यायची, ते पाणी चहाच्या आधणात जातं. मग पिशवी उलटी करून दोरीवर चिमट्यानं वाळवायची. माझ्या सासूबाई आधीपासून हेच करत आल्या आहेत. मीच ते कित्येक वर्षं सोडून दिलं होतं, याचं मला वाईट वाटतं.

फुलपुडी पूर्वी केळीच्या पानात, दोऱ्यानं गुंडाळलेली यायची. तगर, जास्वंद, झेंडू, दूर्वांची जुडी, दोन बेलपानं. मध्ये कधीतरी ती पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत यायला लागली. त्याच पिशवीत दुसऱ्या दिवशी निर्माल्य भरलं जातं, आणि खाडीवरच्या पुलावरून गाडी जाताना ती पिशवी खाली भिरकावली जाते. हात जोडून भिरकावली जाते, हे बघून जास्तच त्रास होतो. मी फुलवाल्या दादांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, “ताई, पानात दिली तर फुलं खाली पडतात, गिऱ्हाईक ओरडतं.” अडचण खरी होती. मी जुन्या साडीची एक छोटी झोळी शिवून कडीला बांधली. आता ते पानातली पुडी त्यात सोडतात. आमच्या मजल्यावरच्या तीन दारांना अशा झोळ्या आहेत.

निर्माल्य, चहाचा चोथा आणि पोह्यांसाठी चिरलेल्या कांद्याची सालं, सगळं खिडकीतल्या भोकं पाडलेल्या माठात जातं. चोथा आधी धुऊन घ्या, साखर राहिली तर मुंग्या येतात. प्रत्येक थरावर सुका पाला. पावसाळ्यात माठ ओला होऊन वास मारायला लागतो, तेव्हा वर्तमानपत्राचे कपटे जास्त घाला.

एवढा खटाटोप कशाला, असं शेजारच्या काकूंनी मला विचारलं होतं. ओला कचरा सुक्याबरोबर कचऱ्याच्या डोंगराखाली दबला, त्याला हवा मिळेनाशी झाली की तो कुजताना मिथेन सोडतो, आणि मिथेन पेट घेतो. देवनारला कचरा १९२७ पासून पडतोय. जानेवारी २०१६ मध्ये तिथं आग लागली, तेव्हा धूर दिवसचे दिवस हटला नाही, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आमच्या भांडुपचं तर असं आहे, की पश्चिमेला टेकडीकडे भांडुप संकुल, जिथं शहराचं पाणी शुद्ध होतं, आणि पूर्वेला खाडीकडे थोड्या अंतरावर कांजूरमार्गची कचराभूमी. वारा तिकडून वाहिला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. काकूंना मी त्या खिडकीशीच उभं करून हे सांगितलं. त्यांच्याकडेही आता माठ आहे.

सुका कचरा वेगळा आणि कोरडा ठेवला, तर तो कुणाच्या तरी हाताला लागतो. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेनं कचरा वेचणाऱ्या बायकांना एकत्र आणलं, त्यांना परिसर भगिनी म्हणतात. खरकट्यात भिजलेला कागद त्यांना विकता येत नाही, आणि त्यातली फुटलेली काच हाताला लागते. काच जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असं लिहून द्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आंघोळीचं थोडक्यात. शॉवरऐवजी बादली आणि तांब्या, आणि गीझरचं गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहून जातं ते दुसऱ्या बादलीत. भांडी घासायला घरी वाळवलेल्या घोसाळ्याची जाळी. बांबूचे ब्रश आणि महागड्या बाटल्या विकत आणल्याशिवाय हे जमत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. घरात जे आहे ते झिजेपर्यंत वापरा.

पावसाळा सुरू झाला की मी वर्तमानपत्रात आधी मुंबईला पाणी देणाऱ्या सात धरणांचा साठा वाचते. आणि तानसा भरून वाहायला लागलं की सकाळी सकाळी, चहा उतू जायच्या वेळेला, नणंदेचा फोन येतो. “वहिनी, भरलं हं तानसा. आमच्या विहिरीलाही हाताला लागेल इतकं पाणी आहे.”

नमस्कार.